हिशेबाची वही

पंप बंद पडला तेव्हा डब्यात चारशे क्वाचा होते.
असायला हवे होते एकोणीस हजार.
वही माझ्याकडे, डबा माझ्याकडे, किल्ली माझ्याच गळ्यात,
तेव्हा प्रश्नही माझ्याकडेच आले.

तसं काफुझिरात सगळ्यांना ठाऊक होतं,
पैसे योटामुच्या शवपेटीत गेले.
एप्रिलात तो गेला. सुतार रोख मागत होता,
आणि न्यालुहांगा, त्याची बायको, दारात बसून होती
काहीही न मागता.
सगळ्यांनी माना हलवल्या. मी डबा उघडला.
वहीत लिहिलं : उसने.
कोणाचे, कधीपर्यंत, ते लिहिलं नाही.

जूनमध्ये दांडा हलका झाला.
दांडा जड असलेला बरा, पोरानं लटकावं इतका.
हलका म्हणजे तुम्ही हवा उपसताय.
टियेझ्गेनं नव्वद वेळा दाबला
(मी मोजलं, मोजण्याखेरीज मला येतं काय)
तोटीतून एक उसासा आला आणि एक कोळी.

मग पुन्हा पाणथळीची वाट.
आम्ही ती विसरलो नव्हतो, गवत विसरलं होतं.
गुरं पिऊन गेली की खड्ड्यातून वाटीवाटीनं भरायचं,
फडक्यातून गाळायचं.
फडक्यावर राहतं ते दिसतं.
फडक्यातून जातं ते तिसऱ्या रात्री कळतं.
दवाखाना अकरा किलोमीटर.
मासोझीला पाठीशी बांधून तिची आई दोनदा गेली.
मासोझी म्हणजे आसवं.
नाव ठेवलं तेव्हा कारण वेगळं होतं.

लोक एकमेकांना पाण्यात पाहू लागले,
असं म्हणायलाही थोडं पाणी लागतं.
पंपाच्या चौथऱ्यावर पाटी आहे :
विहीर कोणी दिली, कुठल्या देशानं, कुठल्या साली.
पाटी अजून लख्ख.
तिच्यात झिजणारा भागच नाही.

शेवटी न्याझगाम्बो आली, सायकलवरून,
पिशवीत दोन पाने आणि एक लांब आकडा.
पंधरा सळया एकेक करून वर ओढल्या,
गवतावर ओळीनं मांडल्या,
आणि तळाच्या दट्ट्यावरून काढलं
बांगडीएवढं रबर, एका कडेला फाटलेलं.
"एवढंच?" गावप्रमुख म्हणाला.
"एवढंच," ती म्हणाली. "दरवर्षी एवढंच."

रबराचे साडेचार हजार, तिचे सहा.
मी डबा उघडलाच नाही.
सांगितलं, पैसे जमिनीत आहेत, शाळेमागे, क्रुसाखाली.
ती हसली नाही. कोण, तेही विचारलं नाही.

तेवढ्यात न्यालुहांगा आली, काखेत कोंबडी.
आम्ही सगळे पंपाकडे बघायला लागलो,
जणू पंपात बघण्यासारखं खूप होतं.
न्याझगाम्बोनं कोंबडीचे पाय चाचपले,
पिसं फुंकून कातडी पाहिली,
आणि कोंबडी सायकलला उलटी बांधली.
मला वाटलं होतं, परत करेल.
परत केली असती तर त्या बाईनं
पुन्हा या तोटीला हात लावला नसता,
हे मला रात्री कळलं, अंथरुणात.
उरलेले तंबाखूचे पैसे आल्यावर.

पाणी आलं ते गंजाचं, चहासारखं.
"चाळीस बादल्या ओतून द्या," ती म्हणाली. "मोजून."
अख्खं गाव तहानेलं
आणि मी उभा राहून पाणी ओतायला लावतोय.
सदतिसाव्या बादलीला कोणीतरी वाटी पुढे केली.
मी मनगट धरलं.
ते माझ्या भावाचं होतं.

वहीत आता नवं पान आहे.
न्यालुहांगाच्या नावापुढे मी लिहिलं : भरले.
तिनं दोनदा वाचून घेतलं माझ्याकडून.
फाटकं रबर मासोझी हातात घालून फिरते.
आणि रोज पहाटे, कोणी यायच्या आत,
मी दांडा एकदा दाबून बघतो
जड आहे ना.